खोटं बोलायचा हक्क असतो का?

(रौप्यमहोत्सवी समारंभात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. छापताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)

मागच्या सतरंजीवर बसून ‘हे आजोबा कधी थांबतात आणि गाणी कधी सुरू होतात’ याची वाट पाहणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

कार्यकारिणीनं मला सांगितलं, “वकीलसाहेब, वीस मिनिटं बोला, कायद्यावर बोला, पण झोप येणार नाही असं बोला.” या तिन्ही अटी एकदम पाळणं अवघड आहे. बत्तीस वर्षं वडगावच्या कोर्टात मी काळा कोट घालून उभा राहिलो. तिथं समोरचे ऐकत नसले तरी निदान बसून राहतात. इथं तसं बंधन नाही. बाहेर वड्यांचा वास सुटलेला आहे, हे मलाही कळतंय.

विषय माझ्या नातवानं दिला. तो अमेरिकेत शिकतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं तिकडं आहेत. मागच्या महिन्यात फोनवर तो म्हणाला, “आजोबा, आमच्याकडं खोटं बोलायचाही हक्क असतो. तुमच्याकडं नाही.” मी म्हणालो, “हक्क नसून आमचं काही अडलेलं नाही.” तो हसला. पण रात्री मला झोप लागेना. कारण त्याचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं, आणि माझं उत्तर पूर्ण खरं नव्हतं. शिवाय या विषयात माझं स्वतःचं एक जुनं देणं राहिलेलं आहे. ते शेवटी सांगतो. म्हणून तेवढं तरी शेवटपर्यंत बसा.

आधी नातवाची अमेरिका बघू.

१९६० साली न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्रात एक पानभर जाहिरात आली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावासाठी निधी हवा होता, त्याची. अलाबामा राज्यातले पोलीस काळ्या विद्यार्थ्यांना कसे छळतात, हे त्यात लिहिलं होतं. मुख्य मुद्दा खरा, पण तपशिलात चुका. किंग यांना सात वेळा अटक झाली असं छापलं, प्रत्यक्षात चार वेळा झाली होती. विद्यार्थ्यांनी कुठलं गाणं म्हटलं तेही चुकलं. जेवणाच्या हॉलला कुलूप लावल्याचं लिहिलं, तसं झालंच नव्हतं. माँटगोमेरी शहरातले पोलीस खातं सांभाळणारे सलिव्हन नावाचे अधिकारी कोर्टात गेले. जाहिरातीत त्यांचं नाव कुठंही नव्हतं. तरी तिथल्या ज्यूरीनं त्यांना पाच लाख डॉलर भरपाई देवविली. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. न्यायालय म्हणालं, सार्वजनिक अधिकाऱ्यावर टीका करताना चुका होणारच. प्रत्येक चुकीला दंड लावला तर लोक खरं बोलायलाही घाबरतील. म्हणून अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल, तर त्यानं सिद्ध करावं की समोरच्यानं ते खोटं असल्याचं ठाऊक असून लिहिलं, किंवा खरं की खोटं याची पर्वाच केली नाही.

म्हणजे हे संरक्षण चूक करणाऱ्याला आहे. ठरवून थाप मारणाऱ्याला नाही.

आता थापेचीही गोष्ट ऐका. ही आपल्या जास्त जवळची आहे, कारण ती एका सभेत घडली. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचे अल्वारेझ नावाचे सदस्य सभेत उभे राहिले आणि आपली ओळख करून देताना म्हणाले की मला सैन्यातलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेलं आहे. सगळंच खोटं. पदकाबद्दल खोटं बोलणं हा तिथं गुन्हा होता, खटला झाला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला. आपल्या लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे. इथं कुणी खोटं पदक लावून फिरलं, तर पहिल्या चहाच्या टपरीवर त्याला नौदलातला माणूस भेटेल आणि दोन प्रश्नांत पदक उतरवेल. तिथल्या न्यायालयाचं म्हणणं साधारण तेच होतं. अशा थापेवर खरा उतारा म्हणजे खरी माहिती. पदक मिळालेल्यांची यादी जाहीर करा, लोक हसतील, पुरे. पुढच्या वर्षी तिथं नवा कायदा झाला. त्यात पैसे किंवा फायदा उकळण्यासाठी थाप मारली तरच शिक्षा.

इथं एक फरक लक्षात घ्या. अल्वारेझ स्वतःबद्दल खोटं बोलले, दुसऱ्या कुणाची अब्रू त्यात गेली नाही. दुसऱ्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवलं तर अमेरिकेतही भरपाई द्यावी लागते. तेव्हा नातवाचं म्हणणं अर्धं बरोबर.

आता आपल्या घरात येऊ.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १९ नं भाषणाचं स्वातंत्र्य दिलं, आणि त्याच कलमात काही वाजवी मर्यादाही घातल्या. अब्रूनुकसानी ही त्यातली एक. दिवाणी बाजूला भरपाईचा दावा होतो. फौजदारी बाजूला पूर्वी भारतीय दंडसंहितेचं कलम ४९९ आणि ५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. बदनामी हा गुन्हा असूच नये, नुसती भरपाई पुरे, असं म्हणत काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मे २०१६ मध्ये न्यायालयानं ते मान्य केलं नाही. माणसाची प्रतिष्ठा हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं.

हे ऐकून कुणाला वाटेल, म्हणजे आपल्याकडं चुकीला माफी नाहीच. तसं नाही. या कलमाला दहा अपवाद आहेत. लोकांच्या हिताचं खरं बोललात, तर गुन्हा नाही. सार्वजनिक काम करणाऱ्याच्या कामाबद्दल सद्भावनेनं मत दिलंत, गुन्हा नाही. अधिकार असलेल्या माणसाकडं सद्भावनेनं तक्रार केलीत, गुन्हा नाही. आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेनं सांगितलंत, गुन्हा नाही. बहुतेक अपवादांत हा ‘सद्भावना’ शब्द आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे. कारण कायद्यात सद्भावना म्हणजे ‘माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो’ एवढंच नाही. योग्य ती दक्षता आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेनं केली असं म्हणताच येत नाही, अशी व्याख्या आहे. मन चांगलं असून भागत नाही. डोळेही उघडे लागतात.

याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण कुणाचं असेल? लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकरांचं.

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. त्या वेळी कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज तरुण होते. त्यांना वेड लागलं आहे असं सांगून कारभार दिवाण माधवराव बर्वे आणि इंग्रज अधिकारी चालवत होते. महाराजांना छळून वेडं ठरवलं जातंय, असा लोकांचा संशय होता. अशात बर्व्यांच्या म्हणून काही पत्रं या तरुणांच्या हाती आली. त्यांत महाराजांविरुद्धचं कारस्थान दिसत होतं. त्यांनी ती छापली. बर्व्यांनी खटला भरला. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघांचंही वय सव्वीस. मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी पुढं त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलं.

पुण्याहून मुंबईला जाणारी रेल्वे १८६३ पासून आपल्याच बोरघाटातून उतरते. खटल्यासाठी मुंबईला जाताना ते दोघे लोणावळ्यावरूनच गेले असणार. पावसाळ्याचे दिवस, बाहेर धुकं, आणि आत दोन तरुण मास्तर. आपण सद्हेतूनं छापलेलं खोटं होतं, हे त्यांना कळलं तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली, त्यांचा जामीन. तो दहा हजारांचा होता, आणि महात्मा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी तो दिला. फुले आणि टिळक यांची मतं किती वेगळी, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण लिहिणारा अडचणीत आला तेव्हा फुल्यांनी मतभेद बाजूला ठेवले. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. पत्रं खोटी होती, पण महाराजांचे हाल खोटे नव्हते. पुढं त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि तिथंच गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. म्हणजे चिंता खरी, पुरावा खोटा. खोट्या पुराव्यानं खऱ्या चिंतेचं नुकसान झालं. लिहिणारे तुरुंगात गेले आणि महाराज एकटे पडले.

याच्या उलट उदाहरण त्याआधी वीस वर्षांचं, मुंबईचं. करसनदास मुळजी नावाच्या गुजराती पत्रकारानं ‘सत्यप्रकाश’ या आपल्या पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या दुराचाराबद्दल लिहिलं. महाराजांनी पन्नास हजारांचा दावा लावला. समाजानं करसनदासांवर दबाव आणला. पण त्यांच्याकडं साक्षीदार होते. आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी कोर्टात उभं राहून डॉक्टर म्हणून साक्ष दिली. १८६२ साली करसनदास जिंकले. दोन्हीकडं हेतू चांगला, दोन्हीकडं समोर बलाढ्य माणसं. एका ठिकाणी साक्षी टिकल्या, दुसऱ्या ठिकाणी पत्रं टिकली नाहीत.

टिळकांचं एक आणखी. १९१० साली व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज लेखकानं पुस्तकात टिळकांवर आरोप केले. टिळकांनी त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि तो लढवायला ते लंडनला गेले. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते हरले आणि खर्च प्रचंड आला. म्हणजे लोकमान्य या कायद्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, एकदा आरोपी म्हणून, एकदा वादी म्हणून, आणि दोन्हीकडं हरले. म्हणून मी अशिलांना नेहमी सांगायचो, अब्रूच्या दाव्याला उभं राहण्याआधी दहा वेळा विचार करा. कोर्टात अब्रू परत मिळेलच असं नाही. तारखा मात्र नक्की मिळतात.

आता आजच्या कायद्यात चुकीला कितपत जागा आहे? १९९४ साली तमिळनाडूतल्या एका साप्ताहिकाच्या प्रकरणात, राजगोपाल खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एक मोलाची गोष्ट सांगितली. सरकारी अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलेलं चुकीचं निघालं, तरी लिहिणाऱ्यानं वाजवी खातरजमा करून लिहिलं होतं एवढं दाखवलं तर भरपाई लागत नाही. लिहिलेलं शंभर टक्के खरंच होतं, हे सिद्ध करायची गरज नाही. माझ्या मते आपल्या कायद्याचा गाभा हाच आहे. ‘वाजवी खातरजमा’ हे दोन शब्द घरी घेऊन जा.

मुलांनो, झोपू नका, आता तुमच्या मोबाइलकडं येतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि ते आवडल्याची खूण केली, एवढ्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्या लिहिण्यात खोटं काही नव्हतं, ते मत होतं. त्यातूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. तेव्हा कुणाला राग आला किंवा त्रास वाटला, एवढ्यानं गुन्हा होत नाही. पण बदनामीचं कलम तेव्हाही होतं, आजही आहे.

ग्रुपच्या ॲडमिनना दिलासा देतो. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार नाही. आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. पण फॉरवर्ड करणाऱ्यांना दिलासा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बदनामीकारक मजकूर ट्विटरवर पुन्हा पसरवणंही या कलमात येऊ शकतं असं म्हटलं. ‘मी नाही लिहिलं, मला आलं ते पुढं पाठवलं’ हे उत्तर चालत नाही. ‘मी फक्त प्रश्न विचारला’ हेही चालत नाही. आडून, टोमणा मारून किंवा ‘असं की तसं’ अशा रूपात केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं कलमातच लिहिलेलं आहे. ते मला चांगलं ठाऊक होतं. तरीही.

आता माझं देणं.

चार वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवा. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगून कळत नाही. इथं जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. त्या वर्षी आपण गच्चीवर पत्रे टाकून घेतले होते. जुलैत एक दिवस ग्रुपवर मेसेज आला. “पत्र्यांचं बिल २,६०,०००. चेक गेला ३,४०,००० चा. मधले ८०,००० पावसात वाहून गेले का? सभासदांनो, जागे व्हा!” खाली आपल्या त्या वेळच्या खजिनदारांच्या सहीच्या चेकचा आणि बिलाचा फोटो.

मी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. आणि आमच्या विंगच्या ग्रुपवर पाठवला. पाठवताना वर एक ओळ लिहिली, “विचार करण्यासारखं आहे.” बत्तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाची ती ओळ होती. मेसेजला जे वजन नव्हतं ते माझ्या एका ओळीनं आलं. ‘वकीलसाहेब म्हणतायत म्हणजे काहीतरी असणार.’

सोसायटीचं ऑफिस माझ्या दारापासून वीस पायऱ्या खाली आहे. मी उतरलो नाही. उतरलो असतो तर दुसऱ्या फाइलीत त्याच ठेकेदाराचं ८०,००० चं बिल दिसलं असतं, वॉटरप्रूफिंगचं. दोन्ही बिलांचा मिळून एक चेक दिला होता. बस, एवढंच. सप्टेंबरात लेखापरीक्षकांचा अहवाल आला, त्यात हिशेब चोख. तो वार्षिक सभेत वाचला गेला. सभेला सतरा जण हजर होते. मेसेज चौऱ्याऐंशी घरांत गेला होता.

मधल्या दोन महिन्यांत काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं, पण बोललो नाही. भाऊ, मी त्यांना भाऊच म्हणतो, पहाटे पाच वाजता पंप चालू करायला जायचे, ते बंद झाले. पंपाच्या खोलीच्या किल्ल्या त्यांनी वॉचमनकडं ठेवल्या. गणपतीत ते आरतीला खाली आले नाहीत. वहिनींनी दरवर्षीप्रमाणे मोदक पाठवले, पण स्वतः आल्या नाहीत. आणि खालच्या मैदानात कुणीतरी त्यांच्या नातवाला ‘पत्रेचोराचा नातू’ म्हणालं. दहा वर्षांचं पोर. त्यानं पुन्हा खाली खेळायला यायचं सोडलं.

अहवाल येण्याआधी एका संध्याकाळी भाऊ माझ्या घरी आले. छत्री बाहेर ठेवली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. त्यांच्या मुलानं सगळे मेसेज छापून दिले होते. म्हणाले, “वकीलसाहेब, दावा होतो का बघा.” मी पानं उलटत गेलो. चौथ्या पानावर माझा नंबर होता. मी मान वर केली. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “तुमचंही आहे त्यात, मला माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडं आलो. तुम्हाला केस लवकर कळेल.”

मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, “भाऊ, केस होते. माझ्यावरही होते. म्हणून मी तुमचं वकीलपत्र घेऊ शकत नाही.” तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, “मला पैसे नकोत, कुणाला कोर्टात उभं करायचं नाही. ज्यांनी ते वाचलं, त्यांनी ते खोटं होतं एवढं वाचावं. बाकी काही नाही.”

मी त्यांची माफी मागितली. तिथंच, माझ्या खोलीत, दार लावलेलं असताना. ते “ठीक आहे” म्हणाले आणि छत्री घेऊन गेले. आणि मी स्वतःची समजूत घातली की झालं.

झालं नव्हतं. बदनामी चव्हाट्यावर केली आणि माफी कानात मागितली. त्यांनी मागितलेली एकच गोष्ट मी दिली नाही, कारण ती द्यायची मला लाज वाटली. टिळक-आगरकरांशी माझी तुलना करण्याचा प्रश्नच नाही, पण एवढं म्हणतो. त्यांच्या हातात निदान पत्रं होती, ती बनावट आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी शिक्षा झाली. माझ्या हातात काय होतं? एक फोटो, आणि वीस पायऱ्या उतरायचा कंटाळा. मला सद्भावनेचा अपवाद कुठल्याही न्यायाधीशानं दिला नसता. मी न्यायाधीश असतो तर मीही दिला नसता.

इथं कुणी वकील बसले असतील तर ते म्हणतील, साहेब हुशार आहेत. दिवाणी दाव्याला एक वर्षाची मुदत, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची. चार वर्षं उलटल्यावर माफी मागतायत! बरोबर आहे. मुदत दाव्याची संपली. माफीची संपलेली नाही.

भाऊ तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत. त्यांना विचारून मी हे बोलतोय. भाऊ, तुमच्याबद्दल जो मेसेज मी पुढं पाठवला, तो खोटा होता. सोसायटीचा एक रुपयाही इकडचा तिकडं झालेला नव्हता. मी खातरजमा केली नाही. माझं चुकलं. सगळ्यांसमोर तुमची, वहिनींची आणि तुमच्या नातवाची माफी मागतो. हे भाषण स्मरणिकेत छापायचं आहे, आणि हा परिच्छेद गाळू नये अशी मी संपादक मंडळाला विनंती केली आहे. तो मेसेज आता कुणाच्या फोनमध्ये उरला नसेल. स्मरणिका चौऱ्याऐंशी घरांत राहील.

आता शेवटचं. यातून कुणी असा अर्थ काढू नका की उद्यापासून कुणी हिशेब विचारायचा नाही. तसं झालं तर माझं भाषण फुकट गेलं. विचारा, जरूर विचारा. ज्यानं तो मेसेज लिहिला त्याच्या मनातली शंका चूक नव्हती. एक बिल आणि मोठा चेक दिसला तर प्रश्न पडणारच. सहकार कायद्यानं सभासदाला दप्तर पाहण्याचा हक्क दिला आहे. कार्यकारिणीला लेखी विचारा, सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा, उत्तर मिळालं नाही तर निबंधक कार्यालयात तक्रार करा. खातरजमा करून, योग्य ठिकाणी विचारलंत, तर पुढं चूक तुमची निघाली तरी कायदा तुमच्या पाठीशी उभा राहतो. आणि कार्यकारिणीत बसणाऱ्यांनाही सांगतो. प्रश्न विचारला की ‘मानहानीचा दावा ठोकतो’ अशी धमकी देऊ नका. फाइल उघडून दाखवा. भाऊंच्या वेळी दोन्ही बिलं सूचनाफलकावर लावली असती, तर मेसेज निघालाच नसता.

आणि खरं असलं तरी सगळंच बोलायचं नसतं. फौजदारी कायद्यात नुसतं ‘ते खरं होतं’ एवढ्यानं सुटका होत नाही. ते सांगणं लोकांच्या हिताचंही असावं लागतं. कुणाच्या मुलीचं लग्न का मोडलं, कुणाचा मुलगा का परत आला, हे खरं असेल. त्यात सोसायटीचं हित कुठलं?

नातवाला मी उत्तर पाठवलं आहे. लिहिलं, “बाळा, खोटं बोलायचा हक्क तुमच्याकडंही नाही आणि आमच्याकडंही नाही. चुकायची मुभा दोन्हीकडं आहे. तुमच्याकडं जरा जास्त, आमच्याकडं जरा कमी. आमच्याकडं ती मिळवायला वीस पायऱ्या उतराव्या लागतात.” त्यानं विचारलं, वीस पायऱ्या म्हणजे काय? त्याला ही स्मरणिका पाठवणार आहे.

पुढची पंचवीस वर्षं गच्ची गळेल, पंप बिघडेल, प्रश्न पडतील, भांडणंही होतील. व्हावीत. फक्त ऑफिसची किल्ली कुठं असते ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. दुसऱ्या मजल्यावर, भाऊंच्या घरी. गेल्या महिन्यापासून पंप पुन्हा तेच चालू करतात.

वडे गार होतायत. थांबतो.